अण्णांच्या गुडघ्याचं काम : ग्रुपसाठी नोंदी (जानेवारी ते मे २०२५)

५ जानेवारी २०२५, रविवार

अण्णांच्या गुडघ्यांसाठी काढलेल्या ग्रुपवर सारखं कुणीतरी विचारतंय की काम कुठवर आलं, प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथंच लिहीत जातो. नवीन जॉइन झालेल्यांसाठी थोडक्यात. अण्णा आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचे गोली (गोलकीपर). वय आता ७१. सत्तरच्या दशकात सुरू करून जवळजवळ नव्वदपर्यंत खेळले, आम्ही शाळेत असताना कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला गोलजाळीच्या मागं बसायला भांडणं व्हायची ती फक्त त्यांची डाय (बॉलवर मारलेली झेप) जवळनं बघायला. ग्लोव्हज म्हणजे काय हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, टणक मैदानावर उघड्या हातानं बॉल पकडायचा आणि अंगाला माती लागली की तीच चोळून पुन्हा उभं राहायचं. पैसे म्हणाल तर शून्य. तालीम दूध, अंडी, केळी द्यायची, मॅच जिंकली तर जेवण. पोटाची नोकरी म्हणजे फौंड्रीत फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करायला), सकाळी शिफ्ट, दुपारी मॅच.

परवा सीनियर लीगच्या मॅचला ते आले होते आणि स्टेडियमच्या पायऱ्या चढताना दोन पोरांनी बगलेत हात घालून वर नेलं, दोन्ही गुडघे वाकतच नाहीत. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलं, रात्री एकानं ग्रुप काढला आणि सकाळपर्यंत तो भरला. नाव, फोटो, गल्ली यातलं काही इथं लिहिणार नाही, का ते पुढच्या नोंदीत कळेल. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

८ जानेवारी

घरी जाऊन आलो. मी, मास्तर (आमचे पीटीचे, रिटायर्ड) आणि सीए. अण्णा खुर्चीत, पाय समोर स्टुलावर. चहा झाला, जुन्या मॅचेस झाल्या, मास्तरांनी हळूच विषय काढला की पोरं म्हणतायत एक मॅच ठेवू, तिकीट लावू, जे जमेल ते तुमच्या ऑपरेशनला. अण्णा जरा वेळ गप्प आणि मग, "म्हणजे तिकीट लावून माझा गुडघा दाखवणार काय रं मास्तर?"

संपला विषय. मास्तरांना बोलायला जागाच ठेवली नाही.

निघताना काकी (अण्णांच्या मिसेस) जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "मी सांगतो त्यास्नी समजावून, पण तेवढं बोर्ड-बिर्ड लावू नका हां. बोर्ड दिसला की हे घरातनं बाहेर पडायचे न्हाईत." आता कोल्हापुरात फ्लेक्सशिवाय वाढदिवससुद्धा होत नाही, त्यामुळं ग्रुपवर हा नियम सांगितल्यावर निम्म्या पोरांचा हिरमोड झाला, दोघांनी तर डिझाईन करून ठेवलं होतं, वाघाच्या बाजूला अण्णा. डिलीट करायला लावलं.

काकींकडनंच बाकीचं कळलं. फौंड्रीची पेन्शन येते (येत होती), ती बंद आहे. पाटल्या सोसायटीत गहाण आहेत. मुलगी इचलकरंजीला दिलेली, ती आठवड्याला येऊन जाते. अण्णांना यातलं किती माहीत आहे की आपल्याला कळलंय, ते माहीत नाही, सगळ्यांनी तोंड सांभाळा.

१२ जानेवारी, रविवार

मीटिंग. मॅच घ्यायची की नाही यावर दोन तास गेले. अण्णा नको म्हणाले तरी "नाव न घेता घेऊ की" असा एक पक्ष होताच. माझं मत पहिल्यापासून विरुद्ध होतं ते मांडलं. ब्राझीलचा जुना फुटबॉलर गारिंचा, त्याच्यासाठी १९७३ च्या डिसेंबरात रिओच्या मारकाना स्टेडियमवर मॅच झाली होती, पेले खेळला, १ लाख ३० हजारांवर पब्लिक. एवढं जगात कुणासाठी झालं नसेल. आणि १९८३ च्या जानेवारीत तो गेला तेव्हा वय ४९, दारूनं पोखरलेला, हालात. मॅच चुकीची होती असं माझं म्हणणं नाही, पण त्या दिवशी आलेल्या लाखातला नंतर एखाद्या मंगळवारी सकाळी त्याच्या दारात कोण होता हा प्रश्न आहे.

त्यावर ग्रुपमधल्या दुबईवाल्यानं (व्हिडिओ कॉलवर होता) रिक्सनचं उदाहरण दिलं. फर्नांडो रिक्सन, स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबचा प्लेअर, २०१३ ला मोटर न्यूरॉनचा (हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा) आजार निघाला, २०१५ च्या जानेवारीत क्लबच्या आयब्रॉक्स मैदानावर त्याच्यासाठी मॅच झाली, ४१ हजार लोक, पैशातला वाटा त्या आजारावर काम करणाऱ्या संस्थेलाही गेला. बरोबर आहे. पण त्याच्या मागं क्लब उभा होता, ऑफिस होतं, हिशेब ठेवणारी माणसं होती. आपल्याकडं आपण आहोत. आणि मुख्य म्हणजे रिक्सन स्वतः मैदानात आला होता, त्याला चालणार होतं. अण्णांना चालत नाही. ज्याच्यासाठी करायचं त्यालाच लाज वाटणार असेल तर कुणासाठी करतोय आपण?

शिवाय खर्चाचा कागद मांडला. मैदान मोसमाच्या मधे मिळणं अवघड, पोलीस बंदोबस्त, अॅम्ब्युलन्स, आणि आपली दोन पेठांची पोरं एका गॅलरीत बसवल्यावर चॅरिटी मॅचलाही काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

ठरलं ते असं. मॅच नाही. प्रत्येकानं दर महिन्याला जमेल तेवढे, शंभर का असेना, पण वर्षभर. आणि ज्याला पैसे जमत नाहीत त्यानं वेळ द्यायचा. रिक्षावाल्या भाऊनं तिथंच सांगितलं, दवाखान्याच्या सगळ्या फेऱ्या माझ्याकडं, मीटर बंद.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन काही जण अण्णांकडं जाऊन आले, कामाचं काही बोलायचं नाही असं ठरवून. बोलले नाहीत म्हणे. विश्वास ठेवतो.

१९ जानेवारी

पैसे कुठं घ्यायचे. हे वाटतं तेवढं सोपं नाही, म्हणून सीएनं सांगितलेलं नीट लिहितो, दुसऱ्या कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोगी पडेल.

माझ्या नाहीतर कुणाच्या तरी खात्यावर यूपीआय घेऊन गोळा करायचं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट आयडिया. एक तर नातेवाईक सोडून इतरांकडनं वर्षात ५० हजारांच्या वर भेट आली की ती सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात, त्यामुळं उद्या इन्कम टॅक्सनं विचारलं तर उत्तर मी देत बसायचं. आणि त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे संशय. पहिल्या महिन्यात कुणी काही म्हणत नाही, सहाव्या महिन्यात कट्ट्यावर चर्चा सुरू होते. पावती पुस्तक छापून पेठेत फिरायचं म्हटलं तर ती जाहीर वर्गणी झाली, गणपतीत मंडळं धर्मादाय आयुक्तांकडनं ४१ क ची (वर्गणी गोळा करायची) परवानगी काढतात तसला मामला, ते आपल्याला नकोच.

म्हणून अण्णा आणि मुलगी असं जॉइंट खातं काढायचं, पैसे थेट त्यात. तिथंही भेटीचा नियम लागतोच, पण अण्णांचं बाकी उत्पन्न एवढं कमी आहे की टॅक्स बसणार नाही, सीएनं आकडे टाकून बघितलं. पासबुकाच्या पानाचा फोटो दर महिन्याला मुलगीच टाकणार, खाते नंबर झाकून. आमच्या हातात एक रुपया नाही. अण्णांना हे कसं पटवलं? मुलीनं पटवलं. ती म्हणाली, तुम्ही अठरा वर्षं तालमीकडनं फुकट खेळला, तो पगार समजा. अण्णा म्हणाले व्याजासकट मागायला पाहिजे मग. म्हणजे हो.

२५ जानेवारी

योजना. यावर वेळ घालवला पाहिजे होता तो घालवला.

खेळाडूंसाठीचा केंद्राचा कल्याण निधी १९८२ पासून आहे, हलाखीत असलेल्या खेळाडूंसाठीच, पण तो देशपातळीवर कामगिरी असलेल्यांचा. अण्णा एकदा संतोष ट्रॉफीच्या (राज्यांच्या टीमची देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धा) कॅम्पपर्यंत गेले आणि टीममध्ये आले नाहीत, त्यामुळं कागदावर ते कुणीच नाहीत. मल्लांना निदान हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी झालं तर सरकारी मानधन आहे. आपल्या गावात हजारोंनी लोक फुटबॉल बघतात, बाहेरनं परदेशी प्लेअर आणून खेळवतात, आणि तालमीसाठी वीस वर्षं घालवलेल्याची नोंद कुठल्या रजिस्टरला नाही. सरकारला शिव्या देऊन झाल्यावर जरा तालमीनीही स्वतःकडं बघावं असं माझं वैयक्तिक मत, राग आला तर येऊ दे.

आरोग्याच्या बाजूला मात्र काम होण्यासारखं आहे. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड, ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार फुकट. आधार असलं की बास. शिवाय राज्याची महात्मा फुले आरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना आहे. आपल्या ग्रुपमध्ये शिकलेली एवढी माणसं, पण हे कार्ड निम्म्यांनी आपल्या आईवडलांचंही काढलेलं नव्हतं.

तर आज सेंटरवर कार्ड काढायला गेलो आणि गाडी अंगठ्यावर अडली. अण्णांची बोटं बघितलीयत का कुणी जवळनं? उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बाहेरच्या बाजूला वळलेलं, मधल्या बोटाचं पेर जाड होऊन बसलंय, डावा अंगठा मागं जात नाही. चाळीस वर्षांपूर्वी निखळलेली बोटं टॉवेल गुंडाळून ओढून बसवायची आणि परत उभं राहायचं, त्याचा हा हिशेब. त्यात फौंड्रीत ग्राइंडर धरून धरून कातडीवरच्या रेषा गुळगुळीत. मशीनवर बोट सपाट बसेना, बसलं तर उमटेना. सेंटरवरचा पोरगा वैतागून म्हणाला आजोबा जोरात दाबा. अण्णा म्हणाले, "बाळा, या हातानं बॉल दाबलाय, तुझं मशीन फुटंल."

पोरगा चांगला होता. चेहऱ्यावरनं करून दिलं. कार्ड झालं.

३० जानेवारी

तिथंच डोक्यात ट्यूब पेटली की पेन्शन बंद पडली ती पण याचमुळं असणार. तसंच निघालं. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, अंगठा उमटला नाही, कुणीतरी नंतर या म्हणून सांगितलं, पायामुळं नंतर जाणं झालं नाही, आणि दाखल्याची मुदत संपल्यावर पेन्शन थांबली. रक्कम कितीशी, ईपीएस ९५ ची (पीएफवाल्या कामगारांची पेन्शन योजना) किमान पेन्शन २०१४ पासून १ हजार रुपये आहे, अण्णांची त्याच्या थोडी वर. पण त्यात घरचं लाइटबिल आणि गॅस निघत होता, आणि माणूस कागदावर जिवंत नसणं हे बरं नाही.

जीवन प्रमाण (हयातीचा डिजिटल दाखला) आता मोबाईलवर घरबसल्या चेहरा दाखवून होतं, २०२१ पासून सोय आहे. आधार फेस आरडीचं (चेहरा ओळखणारं) अॅप घ्यायचं, जीवन प्रमाणचं अॅप घ्यायचं, आधी जो करून देतोय त्याचा चेहरा, मग पेन्शनरचा. मास्तरांच्या नातवानं लावलं. अॅप सांगतं डोळे मिचकावा. अण्णा मिचकावेनात. पेनल्टीला समोरच्याकडं बघायचे तसे टक लावून मोबाईलकडं बघत बसले, एकदा फेल, परत फेल. काकी मागनं ओरडल्या, "अवं पापणी हलवा की, गोल न्हाई होत!" तेव्हा हसले आणि हसताना मिचकले, झालं. थकलेले महिने आता एकदम मिळायला पाहिजेत.

सगळ्यांना सांगणं, आपापल्या गल्लीत कुणाची पेन्शन अशी अडकली असेल तर जाऊन बघा. फौंड्रीवाले, बांधकामवाले, धुणीभांडी करणाऱ्या मावश्या, अंगठ्याचा त्रास सगळ्यांना आहे.

९ फेब्रुवारी

ऑर्थोपेडिककडं दाखवलं. एक्सरेत दोन्ही गुडघ्यात हाडावर हाड. दोन्ही बदलायचे, एका वेळी एक, उजवा आधी. प्रायव्हेटचं एस्टिमेट काढून ठेवलं, हातात पर्याय असावा म्हणून. त्यात इम्प्लांटचा आकडा वेगळा लिहून घ्या असं सीएनं बजावलं होतं, कारण २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं गुडघ्याच्या इम्प्लांटला कमाल किंमत बांधून दिली, नेहमीच्या कोबाल्ट क्रोमियमवाल्याला तेव्हा ५४,७२० अधिक जीएसटी, त्याआधी लाख-दीड लाख सहज लावायचे. त्यामुळं "इम्पोर्टेड आहे" असं कुणी म्हटलं तर मान डोलवू नका, बिलावर वेगळी ओळ मागा.

पण कार्डावर सरकारीत होतंय असं कळल्यावर तिकडंच जायचं ठरलं. वेटिंग आहे. दुबईवाला नाराज, म्हणतो मी एकटा प्रायव्हेटचे भरतो. त्याला समजावलं की बाबा तू दिलेले लागणारच आहेत, ऑपरेशन हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. आज कुणीही फोन उचलणार नाही, उद्या बोलू.

४ मार्च

आज लिहिण्यासारखं. समोरच्या पेठेचे जुने सेंटर फॉरवर्ड, ज्यांच्या शॉटला आम्ही लहानपणी डोळे झाकायचो, ते स्वतःहून अण्णांकडं आले. त्यांना कुणी सांगितलं माहीत नाही, गावात काय लपतंय. धोतर-टोपी, हातात पिशवी, पिशवीत घरचं तूप. दोघं बसले. पाच मिनिटं प्रकृतीची चौकशी आणि मग सुरू झालं.

"ती कॉर्नरची गोल होती."
"न्हवती. लायनीवर धरला मी."
"आतनं धरलास. माझ्यासमोर धरलास की."
"मग रेफ्रीनं का दिली न्हाई?"
"रेफ्री तुमच्या गल्लीतला!"

आवाज एवढा चढला की खालनं शेजारी वर आले. काकींनी चहाचे कप टेबलावर मांडून एकाला पोस्ट आणि बशीला लाइन करून प्रसंग पुन्हा घडवायला लावला, त्यावरही एकमत झालं नाही. जाताना त्यांनी काकींच्या हातात पाकीट दिलं, अण्णांना दिसेल असं दिलं आणि वर म्हणाले, "ही मदत न्हाई. गोल होती एवढं कबूल केलं की दुसरं देतो."

अण्णांनी कबूल केलेलं नाही. पण पाकीट परत पण केलं नाही, आणि हे माझ्या मते गेल्या दोन महिन्यांतलं सगळ्यात मोठं काम झालं. आमच्याकडनं घेताना त्यांची मान खाली असायची, याच्याकडनं घेताना नव्हती. त्यानंतर त्या पेठेतली पोरंही ग्रुपमध्ये आली. अॅडमिन दोन्हीकडचे ठेवलेत, शिवी दिसली की सरळ काढून टाकणार.

१८ मार्च

उजवा गुडघा झाला. मंजुरी आली, तारीख मिळाली, सकाळी आत नेलं, दुपारी बाहेर. दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं करणार. रक्ताच्या बाटलीची गरज पडली तर म्हणून पोरं खाली थांबली होती, एवढी की वॉचमननं विचारलं कोण पुढारी अॅडमिट आहे का. भेटायला एका वेळी एकच जावा, सिस्टरांनी हात जोडलेत.

३० मार्च

पाडवा. अण्णा घरी. काकींच्या पाटल्या सोडवून आणल्या, मुलीनं खात्यातनं पैसे काढून स्वतः जाऊन सोडवल्या. आता पैशाचं काम बाजूला आणि खरं काम सुरू.

फिजिओ. रोज गुडघा वाकवायचा, सरळ करायचा, दुखतं म्हणून थांबवलं की सांधा आखडतो आणि ऑपरेशन पाण्यात. फिजिओवाला आठवड्यातनं तीन दिवस येणार, बाकीचे दिवस आपण. तक्ता ग्रुपवर आहे, सकाळ आणि संध्याकाळ एकेक जण. पहिल्या आठवड्याला नावांची मारामारी झाली, प्रत्येकाला अण्णांबरोबर सेल्फी पाहिजे (काढू नका), तिसऱ्या आठवड्यात काय होतंय ते बघू.

१३ एप्रिल

जे वाटलं होतं तेच. जोतिबाची यात्रा, लग्नसराई, पोरांच्या परीक्षा संपून गावाला जाणं. तक्त्यात भोकं पडली. शुक्रवारी संध्याकाळी कुणीच गेलं नाही आणि अण्णा आपले चड्डीवर तयार होऊन बसले होते, हे काकींनी सांगितलं, तक्रार म्हणून नाही, असंच. मला वाईट वाटलं आणि रागही आला. दोन हजार पाठवणारे आहेत, वीस मिनिटं देणारे मोजकेच. यात नेहमी येणारे कोण ते सांगतो, नावं नाही घेत: रिक्षावाला भाऊ, समोरच्या पेठेतला एक डिप्लोमाचा पोरगा ज्यानं अण्णांना खेळताना कधी बघितलेलंच नाही, आणि सेंटर फॉरवर्ड. ते वादाचं उरलेलं पूर्ण करायला येतात, पण त्या नादात अण्णा पाय किती वाकला हे विसरून जातात आणि पाय वाकतो.

तक्ता छोटा केला. आठ जण, जे खरंच येणार तेच. बाकीच्यांनी पैसे चालू ठेवा, राग मानू नका.

४ मे

बाथरूम. हे आधी करायला पाहिजे होतं असं फिजिओवाला म्हणाला, पण गवंडी मोकळा झाला तो आता. उंबरा काढला, फरशी खरखरीत बसवली, कमोड, दोन्ही बाजूला स्टीलचे बार. बार आमच्यातल्याच एकाच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये झाले. मजुरी घेतली नाही, पण एक्झॅक्ट उंची घ्यायला अण्णांना उभं करून माप काढलं तेव्हा अण्णा हात वर करून म्हणाले क्रॉसबार एवढा खाली असतो व्हय?

मोतीबिंदूचं पण निघालं आहे, डाव्या डोळ्याचा. सरकारीत फुकट होतं, पावसाळ्याआधी उरकायचा विचार आहे, डॉक्टर बघून सांगतील.

१८ मे

हिशेब. पासबुकाचा फोटो मुलीनं टाकलाय तो बघा. आलेल्यातले निम्म्याहून जास्त अजून शिल्लक आहेत, कारण ऑपरेशन कार्डावर झालं. पाटल्या, फिजिओ, बाथरूमचं सामान, औषधं, वॉकर आणि काठी, इतकाच खर्च. पेन्शनची थकबाकी पण जमा झाली.

शिल्लक बघून आता सूचना सुरू झाल्यात. कुणी म्हणतं अकादमी काढू, कुणी म्हणतं अण्णांच्या नावानं ट्रॉफी. शांत बसा. डावा गुडघा बाकी आहे, दिवाळीच्या आसपास तारीख मिळेल, परत तोच फिजिओ, तीच बोंब. ते पैसे अण्णांचे आहेत, काय करायचं ते घरचे ठरवतील.

आणि महिन्याची रक्कम निम्म्या लोकांची मे मध्ये आलेली नाही. आठवण एकदाच करतोय.

जूनचा तक्ता: सोमवार-गुरुवार संध्याकाळ मोकळी आहे. डिप्लोमाच्या पोराची परीक्षा आहे, त्याला सोडून कुणीतरी नाव टाका. वॉकरच्या खालचे रबर झिजलेत, पावसात घसरतील, मंगळवारी बिंदू चौकाकडं जाणाऱ्यानं दोन जोड आणा, साइज मास्तरांकडं आहे.